गाडीवरचं चायनीज घरी करताना : मीठ, तेल, रंग आणि आच

कोणी एसटीत खिडकीजवळ बसून ऐकत असाल, कोणी हॉस्टेलच्या गॅलरीत, कोणी शेतात मोटार सुरू करून बांधावर. मी आर्णीवरून बोलतोय, आणि आज मोबाइल, ॲप, नोकरी यातलं काहीच नाही. आजचा विषय थेट कढईतला आहे. चायनीज!

चीनमधलं नाही हं. आपलं चायनीज. संध्याकाळी सात वाजले की तालुक्याच्या कोणत्याही गावात जी लाल गाडी लागते, जिच्यावर ड्रॅगन रंगवलेला असतो आणि जिच्या भट्टीचा सूं सूं आवाज चार दुकानं पलीकडे ऐकू येतो, त्या गाडीवरचं. मंचुरियन, हक्का नूडल्स, शेजवान राईस, चायनीज भेल.

आमच्या घरी शनिवार म्हणजे चायनीज, हे ठरलेलंच होतं. बाबा, आई, बहीण आणि मी. दोन फुल राईस, एक मंचुरियन, आणि बहिणीला वरून एक्स्ट्रा शेजवान. बाबा हॉटेलात जायचं म्हटलं की दहा कारणं सांगतात, पण या गाडीपुढच्या प्लास्टिकच्या स्टुलावर ते खुशीत बसायचे.

मग बाबांचं बीपी वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली आणि डॉक्टरांनी सांगितलं, मीठ कमी करा. घरात लोणचं बंद, पापड बंद, ताटात वरून मीठ घेणं बंद. पुढच्या शनिवारी आम्ही गाडीवर गेलो. बाबा सोबत आले, पण चहा घेऊन बसले. आम्ही खात होतो आणि ते पाहत होते. थोड्या वेळानं हसून म्हणाले, "मंग मी काय आता तुमच्या तोंडाकडेच पाहू काय बे?"

हसून म्हणाले, पण मला ते लागलं. घरी येताना ठरवलं, हे घरी करायचं. बाबांना चालेल असं करायचं, आणि चवीला बेचव नको.

आता माझी पहिली फजिती सांगतो, कारण ती बऱ्याच जणांची होते. मी व्हिडिओ पाहिले, सॉसच्या तीन बाटल्या आणल्या, चार जणांचा राईस केला. तीन मोठे चमचे सोया सॉस, एक छोटा चमचा मीठ, वरून बाटलीतली शेजवान चटणी. आई म्हणाली, "इतका काळा काहून केला रे?" बाबांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "हा तं गाडीपेक्षा खारट हाय."

मग मी बाटली उलटी करून मागचं लेबल वाचलं. हे काम मी आधी करायला हवं होतं. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. ब्रँडप्रमाणे थोडं कमीजास्त. तीन चमचे म्हणजे २७००. एक छोटा चमचा मीठ, म्हणजे अंदाजे ५ ग्रॅम, त्यात आणखी २०००. झाले ४७००. चार जणांत वाटले तर माणशी जवळपास १२००, आणि चटणी यात धरलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसासाठी २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते. म्हणजे दिवसभरात एकूण ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. मी बाबांना एका ताटात निम्म्या दिवसाच्या वर कोटा वाढला होता, आणि तोही 'घरचं आहे, हेल्दी आहे' म्हणत.

तर पहिली गोष्ट इथेच सांगतो. घरी केलं म्हणून पदार्थ आपोआप चांगला होत नाही. त्यात काय, किती पडतंय हे आपल्या हातात येतं, इतकंच. तो हात वापरला तर फायदा, नाहीतर बाटल्या त्याच आणि भांडी मात्र आपण घासायची.

आता तुम्ही म्हणाल, खरा दोषी तर अजिनोमोटो! आमच्या आईचंही तेच मत. ती पांढरी पुडी घरात येऊच देत नाही. थोडं यावर बोलू. १९०८ साली जपानमध्ये किकुनाए इकेदा नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्री शेवाळाच्या सूपमधून ही चव वेगळी काढली. ती म्हणजे ग्लुटामेट. पुढच्याच वर्षी ते अजिनोमोटो नावाने बाजारात आलं. म्हणजे हे कंपनीचं नाव, पदार्थ मोनोसोडियम ग्लुटामेट. पिकलेल्या टमाट्यात ग्लुटामेट निसर्गतःच असतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आलं, की चिनी हॉटेलात जेवल्यावर मानेमागे बधिर वाटतं, धडधडतं. त्या पत्रात सोया सॉस, स्वयंपाकातली वाइन, जास्त मीठ अशा बऱ्याच शंका होत्या. पण जगाने एकच नाव लक्षात ठेवलं. नंतर चाचण्या झाल्या, आणि नेहमीच्या प्रमाणात खाल्लं तर असा त्रास होतोच, हे पक्कं सिद्ध झालं नाही. तुम्हाला त्रास जाणवत असेल तर जरूर टाळा. पण गंमत बघा, साध्या मिठात सोडियम सुमारे ३९ टक्के असतं आणि या पुडीत सुमारे १२ टक्के. आपण पुडीला शिव्या देतो आणि सोया सॉस मात्र पाण्यासारखा ओततो!

मग गाडीवरच्या प्लेटमध्ये जपायचं कशाला? मी तीन गोष्टी धरल्या. मीठ, तेल आणि रंग.

मिठाचं झालं. तेलाचं असं की मंचुरियनचे गोळे आधी तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळतात. तेच तेल दिवसभर तापत राहतं. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने यासाठी नियम केलाय. तेल वारंवार तापलं की त्यात काही घटक तयार होतात, त्यांना टोटल पोलर कंपाउंड म्हणतात. त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही. १ जुलै २०१८ पासून हे लागू आहे. ते मोजायचं यंत्र आपल्या घरी नसतं, पण तेल काळं पडलं, घट्ट झालं, फेसाळायला लागलं, की ते फेकायचं, एवढं आपल्याला कळतं.

आणि रंग. २०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गाड्यांवर गोबी मंचुरियन विकायलाच बंदी घातली. कारण कृत्रिम रंग आणि अस्वच्छता. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. तिथे तपासलेल्या १७१ नमुन्यांपैकी १०७ मध्ये असुरक्षित रंग सापडले होते. त्यात रोडामाइन-बी हे नाव खूप गाजलं. हा कापडाला वगैरे लावायचा रंग, खाण्यात त्याला परवानगीच नाही.

याचा अर्थ प्रत्येक गाडीवाला विष विकतो, असं मी म्हणत नाहीये. आमच्या ओळखीच्या गाडीवाल्याकडे मी दोन संध्याकाळी उभा राहून शिकलो. त्यानं काही लपवलं नाही. तो म्हणाला, लाल दिसलं नाही तर लोक म्हणतात, आज चव नाही. म्हणजे तो रंग थोडा आपणही मागितलाय!

मुळात हा पदार्थ आपल्याच देशात घडलेला आहे. कोलकात्यात हक्का चिनी लोक पिढ्यान् पिढ्या राहत आलेत, हक्का नूडल्स हे नाव त्यांच्यावरून. आणि मंचुरियन तर आपल्या मुंबईचं! कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं सांगतात. लसूण, आलं, हिरवी मिरची हे आपलं वाटण घेतलं, गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअर लावलं. मला यातून धीर आला. जो पदार्थ सुरुवातीपासूनच स्वयंपाकघर बघून बदललाय, तो आर्णीच्या स्वयंपाकघरात आणखी थोडा बदलला तर काय बिघडलं?

चला, आता कृती. चार माणसांची सांगतो.

आधी शेजवान चटणी, कारण बाटलीतल्या चटणीत मीठ आणि साखर दोन्ही भरपूर असतं. दहा-बारा ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा. ब्याडगीला रंग जबरदस्त, तिखटपणा बेताचा. तिखट लागतंच असेल तर दोन भिवापुरी टाका, आपल्या विदर्भाची मिरची आहे. एक मोठा टमाटा गॅसवर भाजून सोलून घ्या. मिरच्या आणि टमाटा वाटा. कढईत दोन मोठे चमचे तेल, त्यात पंधरा-वीस लसूण पाकळ्या आणि इंचभर आलं बारीक चिरून परता. लसूण गुलाबी झाला की वाटण टाका, तेल सुटेपर्यंत परता. पाव छोटा चमचा मीठ, एक छोटा चमचा व्हिनेगर. झालं. काचेच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. रंग पाहा, कुठली पुडी आठवणार नाही. आणि कोकणातलं कुणी ऐकत असेल तर तिरफळाचे दोन-तीन दाणे कुटून टाका. खऱ्या सिचुआनमध्ये जे जीभ झिणझिणवणारं मिरं वापरतात, त्याच कुळातलं आपलं तिरफळ आहे.

आता मंचुरियन. पत्ताकोबी दोन वाट्या किसून, गाजर एक वाटी किसून. किसलेलं घट्ट पिळा आणि ते पाणी फेकू नका, ग्रेव्हीत जाईल. आता इथे आपली विदर्भाची करामत. आपल्याकडे शिवारात सोयाबीन उभं असतं आणि घरात मात्र सोया येतो तो सॉसच्या बाटलीतून! म्हणून मी यात सोयावडी घालतो. कोरड्या सोयावडीत १०० ग्रॅमला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं असतात. गरम पाण्यात भिजवा, दोनदा पिळून काढा, म्हणजे वास जातो, आणि मिक्सरला एकच झटका द्या. अशी एक वाटी. मैद्याऐवजी दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ आणि दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर. आलं, लसूण, मिरी. या मिश्रणात मीठ घालू नका. मिठानं भाजीला पाणी सुटतं, गोळे बसतात आणि मग आपण पीठ वाढवत जातो. मीठ ग्रेव्हीत आहेच.

लहान गोळे करा आणि अप्पे पात्रात ठेवा. प्रत्येक खळग्यात चार थेंब तेल. झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, मग उलटवा, झाकण न ठेवता तेवढाच वेळ. तळलेल्यासारखे कडक होत नाहीत, हे आधीच सांगतो. पण बाहेरून खरपूस होतात आणि ग्रेव्हीत सुटत नाहीत. माझी पहिली खेप मोठ्या आचेवर केली होती. बाहेरून कोळसा, आतून कच्ची.

ग्रेव्हीला दोन छोटे चमचे तेल, भरपूर लसूण, हिरवी मिरची, कांदा, ढोबळी मिरची. दीड वाटी पाणी, त्यात ते पत्ताकोबीचं पाणी. दोन चमचे आपली शेजवान चटणी, एक छोटा चमचा व्हिनेगर, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून. आणि सोया सॉस? दोन छोटे चमचे. मोजून. बाटली वाकवायची नाही, चमच्यातूनच घालायचा. आणि तो शेवटी घालायचा, म्हणजे थोडक्यात वास आणि चव जाणवते. मग मीठ पाव छोटा चमचा. गॅस बंद केला की वरून कांद्याची पात आणि सांभार. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो, सांभार म्हणजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नाही!

आता हिशोब करा. दोन छोटे चमचे सोया सॉस म्हणजे साधारण ६००, पाव चमचा मीठ म्हणजे ५००. चटणीचे दोन चमचे धरले तरी चार जणांत माणशी ३०० च्या आसपास. कुठे १२०० आणि कुठे ३००!

राईसचं गुपित सोपं आहे. भात शिळा आणि थंड हवा. पण शिळा म्हणजे रात्रभर ओट्यावर ठेवलेला नाही. भातात असे जंतू असतात जे शिजल्यावरही उरतात आणि भात बाहेर राहिला की वाढतात. नंतर गरम केला तरी त्यांचं विष जात नाही. भात शिजला की कोपरात पसरवा, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. एक-दोन तासांच्या वर बाहेर नको.

आणि मग आच. गाडीवरची भट्टी घरच्या गॅसपेक्षा कितीतरी जोरात जळते. आपण चार जणांचा भात एकदम कढईत टाकला की कढई थंड पडते, भाज्या पाणी सोडतात, भाताचा होतो लगदा. गाडीवाल्यानं मला हेच सांगितलं, "एका वेळी एकच प्लेट कर." लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा, चमचाभर तेल, लसूण, मग भाज्या दीड मिनिट, मग भात, आणि सराटा थांबवायचा नाही. भाताइतक्याच भाज्या घ्या. चार वेळा करावं लागतं, मान्य आहे. पण ती जी धुरकट चव आपण सॉसमध्ये शोधत असतो, ती बरीचशी आचेतून येते. ती आली की सॉस आपोआप कमी लागतो. मला वाटतं, घरच्या चायनीजची निम्मी लढाई इथेच जिंकली जाते. आपण मंद आचेची कसर मिठानं भरून काढत असतो.

या राईसमध्ये मी वेगळं मीठ घालत नाही. माणशी अर्धा छोटा चमचा सोया सॉस, मिरपूड आणि व्हिनेगरचे थेंब. आंबट आणि तिखट असलं की जिभेला मीठ कमी आहे हे लवकर कळत नाही.

नूडल्स करणार असाल तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, मागे बघा. घटक नेहमी जास्त वजनाचा आधी, या क्रमानं लिहिलेले असतात. पुढे गव्हाचं चित्र आणि मागे पहिलंच नाव मैदा, असं असेल तर समजून घ्या. आणि मैद्याच्या नूडल्स आणल्या तरी चार जणांत एकच पाकीट घ्या आणि कढई भाज्यांनी भरा.

एक महत्त्वाचं. घरात कुणाला बीपी असेल तर बाजारातलं लो सोडियम मीठ परस्पर आणू नका. त्यात बहुतेक वेळा पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते धोक्याचं ठरू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा.

आणि गाडीवर जायचंच नाही का? जा ना! आम्हीही महिन्यातून एकदा जातो. फक्त सांगायचं, दादा, सोया कमी, मीठ वेगळं नको, रंग नको, चटणी बाजूला द्या. आमच्या गाडीवाल्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाला, "जमते." बंदीमुळे एक गाडी हटेल, पण मागणारे बदलले तर करणारेही बदलतील, असं मला वाटतं. त्याचंही पोट त्यावर आहे आणि आपलंही पोट त्यात आहे.

बाबांचं बीपी या मंचुरियननं उतरलं, असं मी म्हणणार नाही. गोळी चालू आहे, सकाळी अरुणावतीच्या पुलापर्यंत चालणं चालू आहे. पण मागच्या शनिवारी मी लॅपटॉपसमोर होतो, मीटिंग लांबली होती. सात वाजले तर बाबा दारात. हातात किसणी आणि अर्धी किसलेली पत्ताकोबी. म्हणाले, "काहून, आज शनिवार नाही काय?"

आता ते पाहत बसत नाहीत. किसायचं खातं त्यांच्याकडे आहे, आणि सोया सॉसचा चमचाही तेच मोजतात. माझ्यापेक्षा कडक आहेत!

तर या शनिवारी करून बघा. पहिल्यांदा सगळं बदलू नका. आधी फक्त सॉस चमच्यानं मोजा, पुढच्या वेळी अप्पे पात्र काढा. बिघडलं तर मला कळवा, माझं तुमच्यापेक्षा जास्त वेळा बिघडलंय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि घरच्यांसोबत जेवा.